उलटा चालणारा कप्तान

आमच्या हायस्कूलच्या सेवा पथकाचा कप्तान मिरवणुकीत उलटा चालायचा. सव्वीस जानेवारी असो की एक मे, लेझीम असो की नुसती प्रभातफेरी, त्याची पाठ रस्त्याकडे आणि तोंड लोकांकडे. तोंडात शिट्टी. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी पुढं पाह्यलं त मांगचे बिघडतात." खरं कारण बहुधा असं होतं की मागच्या लोकांत पाहुणे असत, आणि पाहुण्यांना त्याची पाठ दिसलेली त्याला चालत नसे.

माणसाबद्दल असं लिहावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण त्याच्याबद्दल चांगलं लिहायला बसलो की हात थांबतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मॅट्रिकच्या वर्गात कप्तानाचं ते दुसरं वर्ष होतं आणि तिसरं व्हायची चिन्हं होती. त्याचे वडील शाळेच्या समितीवर होते, त्यामुळे पथक त्याच्याकडेच राहिलं. पथकाचं काम साधं होतं. मिरवणुकीच्या दोन्ही बाजूंना लांब दोरी धरायची, गर्दी आत येऊ द्यायची नाही, थांब्यावर पाणी द्यायचं. कामं कप्तान वाटायचा. पाण्याचा माठ ठरावीक घरच्या पोरांकडे. मी एकदा विचारलं तेव्हा तो हसून म्हणाला, "तू दोरी धर बे. माठ जड असते." मी त्या वेळी रोज विहिरीवरून दोन घागरी आणत होतो. पण मी दोरी धरली.

उलटं चालणाऱ्या माणसाला दगड, शेण, नाली कुणीतरी सांगावी लागते. पथकातल्या कुणाला ते काम नको होतं, कारण ते करणाऱ्याला मान खाली घालून चालावं लागे आणि फोटोत डोक्याचा फक्त भांग यायचा. कप्तानानं माझ्याकडे बोट केलं. "हा पाहीन. याले खाली पाहून चालाची सवय हाय." पोरं हसली. तेव्हापासून माझं नाव 'डोळे' पडलं. "माहे डोळे कुठी गेले बे?" असं तो भर मैदानात ओरडायचा आणि मी पळत जायचो. मी दोरीचं पुढचं टोक धरून त्याच्यासमोर चालायचो आणि हळू आवाजात सांगत राहायचो: दगड, चिखल, आता वळा. डावं-उजवं माझ्या हाताचं धरायचं, असं ठरलं होतं. तो ऐकायचा, वळायचा, आणि चेहरा असा ठेवायचा की सगळं त्यालाच दिसतंय.

मिरवणुकीचा रस्ताही तोच ठरवायचा. शाळा, चावडी, पिंपळ, तिथून उजवीकडे बाजार आणि परत शाळा. पिंपळापासून डावीकडे आमची बौद्ध वस्ती. तिकडे झेंडा कधी येत नसे. माझी माय दर सव्वीस जानेवारीला पहाटे उठून दारापुढे सडा टाकायची, पांढऱ्या मातीची रेघ ओढायची, तांब्या घासून पाण्यानं भरून ठेवायची. मग बाजाराकडून येणारा बँडचा आवाज ऐकत उभी राहायची.

"झेंडा इकून काऊन नाही येत बापू? तू त पथकात हायेस."

मी कप्तानाचंच उत्तर तिला द्यायचो. "गल्ली अरुंद हाय, माय." त्याच गल्लीतून कापसाच्या दोन गाड्या समोरासमोर निघत, हे तिलाही माहीत होतं. दुपारी तांब्यातलं पाणी दारच्या झाडाला घालायची.

त्या वर्षी पंचायत समितीचे सभापती येणार होते. कप्तानानं नवे पांढरे बूट घातले होते. आम्ही पिंपळापाशी आलो. मी मान खाली घालून बोलत होतो, दगड, शेण, आणि मग म्हणालो, "डावीकडं." तो डावीकडे वळला. त्याच्यामागे बँड, मुलं, सभापती, सगळी शाळा वळली.

वीस-पंचवीस पावलं गेल्यावर दोन्ही बाजूंची टिनाची घरं त्याला दिसली. त्याने शिट्टीच्या कडेने विचारलं, "कुठी आणलं बे?"

"आमच्या घरी," मी म्हणालो.

परत फिरायचं तर चुकलो म्हणावं लागलं असतं, आणि सभापती चार हातांवर होते. तो उलटा चालत राहिला. बाया दारात आल्या. मायने तांब्या पुढे केला. सभापती थांबले, ओंजळीनं पाणी प्यायले आणि म्हणाले, "इथून मिरवणूक आणायची कल्पना कुणाची?"

कप्तान शिट्टी काढून म्हणाला, "माहीच, साहेब."

मायने तांब्या त्याच्याकडे वळवला. तेवढ्यात शिट्टी पुन्हा तोंडात गेली होती. त्याने शिट्टीकडे बोट दाखवलं, म्हणजे तोंड रिकामं नाही, आणि पुढे, म्हणजे मागे, सरकला. इतका चपळ मी त्याला कवायतीतही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला पथकातून काढलं. कारण दिलं, शिस्त नाही. घरी माय शेजारणींना सांगत होती, "थो शिट्टीवाला पोरगा चांगला हाय. त्यानं झेंडा आणला." मी भाकरी खात होतो, खातच राहिलो. आजही तिला खरं सांगितलेलं नाही.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, कप्तानाच्या शेजारच्या बाकावर. मिरवणूक मी आमच्या दारातून पाहिली. पिंपळापाशी बँडचा आवाज क्षणभर अडला आणि मग मोठा होत आमच्याकडे आला. सभापती त्याही वर्षी आले होते आणि कल्पना आता कप्तानाची होती, ती त्याला मोडता येत नव्हती. नव्या 'डोळ्यां'ना आमची गल्ली माहीत नव्हती. कप्तानाच्या टाचेमागे दोन हातांवर उघडी नाली होती. मला ती दिसत होती. मी तोंड उघडलं नाही.

"बापू, मांगं नाली हाय, जपून," माय कप्तानाला म्हणाली.

त्याने न बघता मागे लांब पाऊल टाकलं आणि नाली ओलांडली. मायने तांब्या पुढे केला. शिट्टी तोंडातच होती.

जूनमध्ये मी अकोल्याला कॉलेजात आलो. कप्तान अजून तिथेच आहे, मिरवणूकही त्याच रस्त्याने येते. त्या दिवशी तांब्या घरात नेताना माय जे बोलली, ते मला इथे वसतिगृहात अजून ऐकू येतं. ती जराही रागावली नव्हती.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या साली पेईन तो."