दामूकाकांचा आवाज

डॉक्टरांनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, घशात दांडीचा छोटा आरसा घातला, बघितलं आणि आधी स्वतःचे हात धुतले. मग म्हणाले, "लॅरिंजियल ट्युबरक्युलोसिस." म्हणजे क्षय, पण गळ्यात. आवाज निघतो तिथंच जखमा.

"एक साल बोलना बंद. फुसफुसाना भी नहीं." म्हणजे कुजबुजायचंही नाही.

पाडवा दोन दिवसांवर होता. नव्या वर्षाचा माझा संकल्प पक्का होता: नाटक कंपनीत शिरायचं. वैशाखात कंपनी काशीला येणार होती, मॅनेजर माझ्या नकला ऐकणार होता. शाळेतले गोरे हेडमास्तर, पंचगंगा घाटावरचे मल्लाह, म्हणजे नावाडी, कोणीही सांगा, मी काढून दाखवायचो.

सगळ्यात हिट होते आमचे दामूकाका. पाठशाळेत शिकवून शिकवून त्यांचा आवाज बसला, असं घरात म्हणायचे. फाटक्या पखवाजासारखा आवाज आणि मधेच खोकला. मी त्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन बसायचो, नीट ऐकायला. एकदा तेच म्हणाले, "गाढवा, खोकला लवकर घेतोस. दोन शब्द होऊ देत, मग."

मी सुधारणा केली. रोगही तिथूनच घेतला.

माघात माझा घसा बसला. आईला म्हटलं, घसा दुखतोय. ती हसली. "पुरे आता, काका ऐकतील." शाळेत सांगितलं तर पोरांनी टाळ्या पिटल्या. खरं सांगतो, मलाही मजा वाटली. नक्कल इतकी मस्त कधी जमली नव्हती. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठं बाबांनी दवाखान्यात नेलं.

तिथं स्प्युटम, म्हणजे थुंकी, डबीत घेऊन भिंगाखाली बघतात. चार दिवस त्यासाठी बाकावर बसलो. शेजारी एक विणकर खोकायचा, शेवटी बारीक शिट्टी वाजायची. मी मनात ती शिट्टी बसवत होतो. पाचव्या दिवशी तो आला नाही.

पाडव्याला हातावर पाणी घेऊन संकल्प मोठ्यानं म्हणावा लागतो. बाबा म्हणाले, "मी म्हणतो, तू फक्त पाणी सोड." माझ्या मौनाचा संकल्प बाबांच्या तोंडून झाला.

मग लिहून बोलायची पाटी गळ्यात आली. मित्र माझीच नक्कल करू लागले: तोंड उघडायचं, हात नाचवायचे, आवाज नाही. छान करायचे, साले. कंपनी आली, तंबू ठोकला, गेली. श्रावणात दामूकाका गेले. त्यांच्या घशात कोणी आरसा घातलाच नव्हता. मला रडायचीही मनाई होती, रडताना गळ्यावर जोर येतो म्हणून.

पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. "ज़ख़्म भर गया. थोड़ा-थोड़ा बोलो. पहलेवाली आवाज़ मत खोजना."

पहिला शब्द गुढीसमोर बोलायचा असं ठरवलं होतं. आईनं कडुनिंब पुढं केला. मी म्हणालो, "गूळ जास्त घाल."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. काकू दारात आली. दामूकाकांची बायको. तिनं आधी काकांच्या रिकाम्या झोपाळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मेल्या, गेले तरी सोडत नाहीस होय रे त्यांना?"

"काकू, अगं," मी म्हणालो, आणि दोन शब्दांनंतर खोकला आला. अगदी काकांनी शिकवला तसा. तिनं कान झाकले. मी समजवायला जितकं बोललो तितके काकाच बोलत राहिले.

तुमचा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर घरचे हसोत, तुम्ही डॉक्टर गाठा. मी त्या डॉक्टरांमुळं जिवंत आहे, हे विसरत नाही. बाकी गळ्यात आता एकच माणूस राहतो.

त्या पाडव्याला हातावर पाणी घेतलं आणि संकल्प मनात केला: काकूसमोर बोलायचं नाही. सहा वर्षं झाली, मोडलेला नाही. ही नक्कल नाही, माझा आवाजच असा झालाय, हे डॉक्टरांचं म्हणणं तिला नंतर पटलं. आता तीच अधूनमधून म्हणते, "बोल ना रे, दोन शब्द बोल." मी पाटीवर लिहितो, घसा दुखतोय.

तिला लगेच खरं वाटतं. ती गरम पाणी आणायला उठते.