सुजाताची शीट

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशी नाही, आणि बेळगुंदीला घरी आप्पांपाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही — तेवढं बरं आहे.

आधी काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बेळगावात एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस आहे. तिथं बसून आम्ही अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचं रेकॉर्डिंग बघतो. आप्पांना वाटतं मी टायपिंग करतो. वाटू दे. त्या खेळात एकजण बॉल फेकतो, एखादा घेऊन पळतो, आणि सगळे त्यांच्याकडंच बघतात. पण त्यांच्यापुढं पाच आडदांड माणसं ओळीनं वाकून उभी असतात. मधला बॉल मागं देतो. बाकीच्यांचा हात बॉलला लागतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यांचं काम एकच — समोरून येणाऱ्याला अडवायचं. मागच्याला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, पळणाऱ्याला वाट करून द्यायची. त्यांच्या नावावर पॉइंट लागत नाहीत. मग ते चांगले खेळले की वाईट, हे ठरवायचं कुणी? आम्ही ठरवतो. एकेक चाल थांबवून बघायची आणि पाचही जणांना मार्क द्यायचे.

नियम असा की एक मॅच दोघांनी बघायची, एकमेकांचं न बघता. दोघांचे मार्क जुळले तर ती मार्कांची शीट पुढं अमेरिकेतल्या कंपनीला जाते. नाही जुळले तर तिसरा तपासतो.

माझ्या जोडीला सुजाता होती. निपाणीची. आईनं बिड्या वळून तिला बी. कॉम. केलेलं. वयानं माझ्याहून बरीच लहान, पण ह्या कामात माझ्या आधीची. मला तिनंच शिकवलं. "अण्णा, बॉलकडं बघायचंच न्हाय. पाय बघा. पाय चुकला की माणूस गेला." एकच चाल ती सात-आठ वेळा मागं घ्यायची. एकदा मी एकाला कमी मार्क दिले, कारण त्याच्या बाजूनं माणूस आत शिरला होता. तिनं पुन्हा लावून दाखवलं. "ह्यो बिचारा आपल्या माणसाला धरून हुता. आत आला त्यो शेजारच्याचा माणूस. चूक शेजारच्याची हाय." मला ते कधी दिसलंच नसतं.

आणि खरं सांगू? पुढं पुढं मला काहीच दिसेनासं झालं. दिवसभर पाच माणसं वाकतात, उठतात, धडकतात. मी बघत असायचो, पण बघत नसायचो. एका चालीचा संशय आला म्हणून मी तिची अर्धी भरलेली शीट उघडून बघितली. आमच्या शीट सगळ्यांना उघडायच्या. कुणी कुलूप घातलं नव्हतं. मग दहा चाली. मग — आता सांगतोच — मग मी बघायचंच सोडलं. तिचे मार्क घ्यायचो, चार-दोन इकडंतिकडं करायचो आणि पाठवून द्यायचो. असं दोन वर्षं चाललं. आमची जोडी लई जुळते म्हणून साहेब कौतुक करायचे. जुळणार नाही तर काय?

एका मंगळवारी ती मॅच बघत असताना निपाणीहून फोन आला. आईला दवाखान्यात नेलेलं. ती फोन कानाला धरून बसली होती, समोर मॅच चालूच होती. तेवढ्यात चौसष्ट नंबरचा खेळाडू लंगडत बाहेर गेला आणि अडुसष्ट नंबरचा आत आला. तिच्या ते ध्यानात आलं नाही. पुढच्या बऱ्याच चाली तिनं चौसष्टच्या नावावर लिहिल्या आणि शेवटचा भाग तसाच सोडून ती बस धरायला पळाली. मी तिची शीट उतरवली, राहिलेलं अंदाजे भरलं आणि संध्याकाळी पाठवून दिली. ती दुसऱ्या दिवशी आली, आपली पुरी केली, मग पाठवली.

तक्रार अमेरिकेहून आली. बाकावर बसलेल्या माणसाला आम्ही दोघांनी वाईट मार्क दिलेले. एकच चूक, एकाच जागी, दोन शीटवर. म्हणजे एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलंय. माझी शीट आदल्या दिवशीची, तिची नंतरची.

साहेबांनी मला आत बोलावलं. "तुझी शीट तिला बघता येत होती काय?"

मी म्हणालो, "व्हय सर, बघता येत होती."

एवढंच. त्यात खोटं काय होतं? एक अक्षर खोटं नव्हतं. दार उघडून मी बाहेर आलो, पाणी प्यालो, जाग्यावर बसलो.

तिनं चूक कबूल केली म्हणे, पण बघून लिहिलं हे शेवटपर्यंत मानलं नाही. तिला दुपारीच काढलं. डबा पिशवीत घालून ती माझ्या टेबलापाशी आली. आवाज चढवला नाही. "अण्णा, तुम्ही तरी सांगा की सरांना. मी कुणाचं बघत न्हाय, तुमास्नी ठावं हाय."

मी म्हणालो, "बघतो."

ती जिना उतरून गेली. साहेबांची केबिन माझ्यापासून दहा पावलांवर होती. मी उठलो नाही. पुढं मला आमच्या गटाचा मुख्य केलं. तेव्हा वाईट वाटलं का? आठवून बघितलं. काही वाटलं होतं असं आठवत नाही. आणि त्या दोन वर्षांत तिच्याशिवाय दुसरं कुणी मॅच बघतच नव्हतं, त्यात चौसष्ट नंबरसारख्या आणखी किती चुका होऊन गेल्या असतील, तेही मी कधी शोधलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाव्हण्यांच्या लग्नाला निपाणीला गेलो होतो. आहेराचं पाकीट घ्यायला स्टँडजवळच्या एका दुकानात शिरलो, तर आत सुजाता. लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते आता. तिनं लगेच ओळखलं. खुर्चीवरच्या फायली उचलल्या. "बसा की अण्णा." मी आईबद्दल विचारलं, तर नोकरी सुटली त्याच पावसाळ्यात आई गेली म्हणाली. मग तिनं विचारलं, "अजून तेच काम करता व्हय?"

"व्हय."

मान हलवली तिनं. पाकिटाचे पैसे घेतले नाहीत. माझ्याकडं क्षणभर बघत राहिली. तिला माहीत होतं की नव्हतं, ते मला ओळखता आलं नाही. दुकानात आणखी दोन बायका होत्या, त्यांना घाई नव्हती. मला बोलता आलं असतं.

मी म्हणालो, "येतो."

"या," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईचं आधार कार्ड हातात घेतलं.