चपलांपाशी ठेवलेला डबा

बारावीची परीक्षा संपली आणि मी नारायण पेठेत लग्नपत्रिकांच्या दुकानात कामाला लागले. आमचं घर हिंजवडीच्या पलीकडच्या गावात. दुकानात जेवताना सगळ्यांचे डबे मधे मांडतात, सगळ्या सगळ्यांचं खातात, हे मीच पहिल्या दिवशी आईला कौतुकानं सांगितलं होतं. तेव्हापासून ती आम्हा चौघींना पुरेल एवढा डबा भरायला लागली.

त्याच आठवड्यात एकदा डब्यात सुकटीची चटणी होती. दुकान सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी नाकाला पदर लावला. "अगं, पत्रिकांवर गणपती असतो. तुझा डबा बाहेर चपलांपाशी ठेवत जा." बाकीच्या दोघी हसल्या. पुढं नुसती गवारीची भाजी असली तरी डबा बाहेरच. मी आले की एकजण लगबगीनं खिडकी उघडायची. मी घडी घातलेल्या पत्रिका बाई हुंगून बघायच्या. फारच विनोदी वाटायचं ते त्यांना.

मी जिन्याच्या पायरीवर बसून एकटी जेवायचे. संध्याकाळी आई विचारायची, "आवडलं का गं त्यास्नी?" मी हो म्हणायचे. मग दुसऱ्या दिवशी डबा आणखी जड.

एका सकाळी मी तो मुद्दामच घरी ठेवून गेले. तर दुपारी आई बस बदलत बदलत डबा घेऊन हजर. सगळ्या जेवायला थांबल्या असतील, असं तिला वाटलं होतं. बाई अगदी आपुलकीनं म्हणाल्या, "अहो, तिथं चपलांपाशी ठेवा. तिला माहितीये."

आईनं चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जिन्याकडे वळली. पायरीवर बसली आणि डबा उघडला. "ये. मला बी लई भूक लागलीय." चौघींचं जेवण आम्ही दोघींनी संपवलं. त्यानंतर तिनं तो प्रश्न कधीच विचारला नाही.

आता मी हिंजवडीतच एका कंपनीत आहे. आई गेल्यापासून डबा माझा मीच करते. तिच्या हाताची चव काही येत नाही, तरी सुकटीची चटणी असली की मी बसायच्या आत चार हात डब्यात पडतात. अशा संध्याकाळी घरात शिरताना तिची फार आठवण येते. वाटतं, तिनं ओट्यापाशी उभं राहून एकदाच विचारावं, "आवडलं का गं त्यास्नी?" आता मला खोटं बोलावं लागणार नाही.