सोमारी

देव आहे की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आपल्याकडे बघतो की नाही, हा मात्र पडला, आणि तोही बंगळुरात, नव्वदच्या दशकात, पलंगावर पडल्या पडल्या. मी पुण्याहून बदली होऊन आलेला केंद्र सरकारचा ड्राफ्ट्समन. चार वर्षं बरी गेली, मग एके दिवशी हातातली पेन्सिल कागदावर टेकेना. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. दोन वर्षं गोळ्या झाल्या, रजा संपल्या, बिनपगारीही संपत आल्या. मेडिकल बोर्डाने कामाला कायमचा असमर्थ ठरवलं तर पेन्शन मिळणार होती, नाहीतर नोकरी जाऊन हात हलवत घरी बसायचं. बायको आणि शाळेतली मुलगी, दोघींचं पुढचं सगळं त्या एका दाखल्यावर अडलं होतं.

त्या काळात माझ्या हातून एकच गोष्ट नेमाने होई. सोमवारचा उपास आणि कोपऱ्यावरच्या ईश्वराच्या देवळापर्यंत एक फेरी. जाताना खालच्या घरमालकीणबाई माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणत, "सोमारी." माझं कानडी यथातथाच, ऑफिसात हिंदी-इंग्रजीवर निभावलेलं. मला वाटलं, सोमवार करणारा तो सोमारी. चला, निदान हिने तरी आपली भक्ती ओळखली! मी मान लववून त्यांना नमस्कारही करायचो. बायकोला हे कौतुकाने सांगितलं तेव्हा ती नुसती "हं" म्हणाली.

बोर्डाचा दिवस आला. सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात अर्ज टाइप करून देणाऱ्या एक बाई बसत. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातल्या, सगळे त्यांना अक्का म्हणत. बोर्डापुढे ठेवायला आजाराची हकिगत एका पानात हवी होती. मी सांगायला बसलो आणि काही सुचेना. दिवसभर पडून असतो, एवढंच म्हणालो. वर अगदीच वाईट दिसू नये म्हणून सांगितलं, की सोमवार मात्र चुकवत नाही, गल्लीत मला सोमारीच म्हणतात. अक्कांची बोटं थांबली. त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून हळूच म्हणाल्या, "अण्णा, कानडीत सोमारी म्हणजे आळशी."

मी शरमेने मेलो. दोन वर्षं जे मी स्वतःला मनातल्या मनात म्हणत होतो, ते आख्खी गल्ली उघड म्हणत होती. आता आतले डॉक्टर वेगळं काय म्हणणार? अर्ज मागे घ्यायचा ठरवून मी फाइल बगलेत मारली आणि उठलो. अक्कांनी समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, "स्वल्प थांबा. आळशी माणसाला पडून राहिलं की बरं वाटतं. तुम्हाला वाटतं काय?"

नाही म्हणताना मला रडू फुटलं.

"सरी, बरं. मग आत तेवढंच सांगा," म्हणाल्या, आणि पुढे टाइप करू लागल्या.

मी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून गेलो होतो. मोठे डॉक्टर म्हणाले, दिसता तर ठणठणीत. मी त्यांना अक्कांचं वाक्य सांगितलं, आणि पुढे आपोआप तोंडातून निघालं, "साहेब, माझ्याने होत नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दाखला मिळाला. घरी आल्यावर कळलं, बायकोला त्या शब्दाचा अर्थ पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. तरी दर सोमवारी ती माझ्यासाठी न बोलता खिचडी करत राहिली. या बाईची थोरवी मला तेव्हा कळली.

याला चमत्कार म्हणावं की नाही, ठाऊक नाही. देवाकडे मी रोज काहीतरी मागत होतो, पण माझ्याने होत नाही, हे त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. शरण जाणं म्हणजे उपास नव्हे, लाज सोडून हे एवढं म्हणणं, असं मला आता वाटतं.

पेन्शनची ऑर्डर आल्यावर पेढे घेऊन इस्पितळाच्या व्हरांड्यात अक्कांकडे गेलो. त्यांना मी आठवतही नव्हतो. रोज कितीजणांना त्या असं काही सांगत असतील, या विचाराने मन भरून आलं आणि मी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"पाया नको, अण्णा. रांगेतल्या त्या बाईंना उभं राहवत नाही, तेवढा बाक इकडे सरकवा."

मी बाक सरकवला. दोन वर्षांत दुसऱ्या कुणासाठी केलेलं ते माझं पहिलं काम.