मातीला निघालेला दगड

दगड हातात आला की म्हातारा आधी त्यावर फुंकर मारायचा, मग पंच्याच्या टोकाने पुसायचा आणि मग चक्क जिभेने चाटायचा. जीभ लगेच सुटली तर दगड उजवीकडे. जरा जरी चिकटली तर डावीकडे. "हा नाय, सायेब. हा माती होवाला निंगला."

जव्हार संस्थानात मोखाड्याच्या रस्त्यात ओढ्यावरची मोरी बांधायचं काम चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. म्हातारा साखरशेतचा, उतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारा. कामावर दगड पारखायला होता. मी बांधकामाकडचा कारकून. वय पंचवीस आणि अक्कल काय ती आपल्यालाच, अशी पक्की समजूत. तुम्हीही कचेऱ्यांतून असे नग पाहिले असतील.

एकदा मी म्हटलं, "अरे बाबा, जिभेला काय कळतं?" त्याने दगड माझ्यापुढे धरला. सोवळ्याओवळ्याचा मी, इकडेतिकडे पाहिलं आणि चाटला. जीभ अशी चिकटली की सोडवताना डोळ्यांत पाणी आलं. गडी पोट धरून हसले.

"तहानलेला हाय तो. पावसात पानी पेल, उन्हात सुकल, मंग फुटल."

"आणि चांगला दगड?"

"तोबी होल माती. पन त्याला घाई नाय."

नाकारलेल्या दगडांचा ढीग मात्र कधी वाढत नव्हता. संध्याकाळी घरी जाताना म्हातारा त्यातला एक डोईवर घेऊन जाई. माझ्या डोक्यात किडा वळवळला: चांगले दगड नाकारायचे आणि घरी न्यायचे! पावसाळ्याआधी त्याने एक काळाभोर, कुठेही तडा नसलेला दगड डावीकडे टाकला, तेव्हा मी गवंड्याकडून त्यावर गुपचूप फुली खोदून घेतली. दोन दिवसांत तो दगड गेला.

पावसात काम बंद होतं. दसऱ्यानंतर सुरू झालं, तेव्हा पहिल्याच दिवशी मी सगळ्या गड्यांसमोर त्याला विचारलं, "दरबारचा दगड घरी नेतोस? चांगल्याला वाईट ठरवून?"

त्याचा चेहरा उतरला. दगड नेल्याचं त्याला काही वाटत नव्हतं, तो टाकलेलाच होता. पण त्याची पारख खोटी, असं मी चारचौघांत म्हणालो होतो. "चला," एवढंच तो बोलला.

साखरशेतला त्याचं रान म्हणजे उघड्या कातळाचा उतार. त्यावर नेलेल्या दगडांच्या आडव्या ओळी लावलेल्या. जुन्या ओळींतले दगड हाताने चुरत होते. त्यांच्यामागे वीतभर माती धरली होती आणि तिच्यात नागली कणसाला आली होती. माझा फुलीचा दगड सगळ्यांत वरच्या ओळीत होता. म्हाताऱ्याने त्याला नख लावलं. कांद्याचं साल निघावं तशी एक खपली निघाली, फुलीसकट. ती त्याने माझ्या हातावर ठेवली.

"तुमची मोरी उभी ऱ्हावाला होवी. माझा दगड फुटाला होवा. यात खोटं काय सांगलां मी?"

मी तिथेच माफी मागायला हवी होती. मागितली नाही. कारकुनाने गड्याची माफी मागायची रीत नव्हती, आणि ती मोडायची माझी छाती नव्हती. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं, "आता तुमीच चाटा."

मग मीच चाटले. पुढची सगळी नोकरी चाटले. त्या मोरीतला एकही दगड हललेला नाही.

खपली कागदात बांधून कचेरीच्या खणात ठेवली होती. दर पावसाळ्यात ती थोडी थोडी सुटत गेली. पेन्शनीत निघालो तेव्हा पुडीत चिमूटभर माती होती, फुली कुठेच नव्हती.

ती घेऊन साखरशेतला गेलो. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे तिथे गेल्यावर कळलं. त्याची सून नागलीतलं तण बेणत होती. मी वरच्या ओळीपाशी पुडी सोडली.

"काय टाकलां, सायेब?" तिने विचारलं.

"तुमच्याच रानातली माती," मी म्हणालो. "मी घेऊन गेलो होतो."