मेहुण्याची वही

मेहुणा पहिल्यांदा दुकानात आला तो दिवस दाजी अजून विसरलेले नाहीत. बाकी बरंच विसरलेत. हा गडी म्हणे सकाळपासून दुकानावरून अकरा वेळा गेला, दोनदा तर पायरीवर बसून दम खाल्ला, आणि शेवटी आत शिरून खुद्द दाजींनाच विचारता झाला, "काका, माझ्या ताईला दिलंय ते शिंप्याचं दुकान कुठलं हो?"

"याच्या हाती सुई द्यायची म्हणजे," दाजी गिऱ्हाइकांना सांगत, "स्वतःला टोचून घेईल आणि कुठे दुखतंय तेही विसरेल."

मेहुण्यामुळे सारी गल्ली त्यांना दाजीच म्हणायला लागली. दाजींचं डोकं म्हणजे गल्लीची शान! चारशे माणसांची मापं तोंडपाठ, कागदाला पेन्सिल म्हणून लावली नाही. मेहुण्याला मात्र स्वतःच्या डोक्याचा काडीचा भरवसा नव्हता. त्यानं निळी वही केली. माप घेतलं की लगेच टिपायचं. कात्री अडकवताना मोठ्यानं म्हणायचं, "कात्री खिळ्याला."

"कात्री बहिरी झालीय का रे?" दाजी विचारत.

पण साठी उलटली आणि दाजींच्या डोक्यातली मापं उसवायला लागली. गिऱ्हाइकं दारातूनच विचारू लागली, "मेहुणे आहेत का?" मेहुण्याच्या हाताचा दाजींना हेवा नव्हता, हात त्यांचाच सरस होता. हेवा होता त्या मेल्या वहीचा. शेवटी जुन्या गिऱ्हाइकांपैकी दातांचे डॉक्टर तेवढे त्यांचे उरले.

नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला पँट हवी म्हणून ते आले. "माप दाजीच घेणार."

दाजींनी मेहुण्याकडे असं पाहिलं, की राजानं हरलेल्या शत्रूकडे काय पाहावं! मग एकेक आकडा गर्जून सांगत माप घेतलं.

"दाजी, वही देऊ?"

"तोंड शिव आधी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यातले आकडे गायब. पण त्यांच्या जागी दुसरे आकडे लख्ख उभे राहिले. कंबर तीस. दाजी खुशीत कापायला बसले. ते आकडे डॉक्टरांचेच होते, फक्त बावीस वर्षांपूर्वीचे.

उद्घाटनादिवशी पँट डॉक्टरांच्या मांडीपर्यंत चढली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. मेहुण्यानं मुकाट्यानं वही उघडली. दाजी गर्जत होते तेव्हाच त्यानं टिपलं होतं: कंबर एक्केचाळीस.

"मग बोलला का नाहीस?"

"तोंड शिवलं होतं ना, दाजी."

घरी बायकोनं मीठ चोळलं. "अहो, माझा भाऊ विसरभोळा आहेच. पण त्याला ते माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी मेहुणा जेवायला गेल्यावर दाजींनी वही चोरून उघडली. एक, निदान एक तरी चूक सापडावी! शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "दाजी. चष्मा, मशीनच्या खणात. किल्ली, कोटाच्या डाव्या खिशात. शोधायला लागले की आपण तिकडे बघत गुणगुणायचं. सांगायचं नाही, राग येतो."

गेली दोन वर्षं आपल्याला वस्तू चटकन सापडतात, याचा दाजींना कोण अभिमान होता! म्हणजे उरलीसुरली आठवणही या बेट्याचीच? अंगाचा नुसता तिळपापड झाला. तसेच चपला अडकवून गेले आणि स्वतःसाठी वही घेऊन आले. मेहुण्याच्या वहीपेक्षा दुप्पट जाड.

ती कुठे ठेवलीय, हे मेहुण्याच्या वहीत लिहिलेलं आहे. डॉक्टर आता तयार पँट घेतात.