सुहासिनीबाई आणि वरचा व्हॉल्व्ह

सुहासिनीबाईंना जुलाब होत होते. ‘पोट जरा नाजूक आहे’ वगैरे त्या म्हणत नसत. शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवताना त्यांनी पळ काढण्याला पळ काढणंच म्हटलं होतं. आता तो काढायची पाळी त्यांच्यावरच आली होती, ऊठसूट. कळ नाही, रक्त नाही, नुसतं पाणी. उन्हाळ्यात सुरू झालेलं हे प्रकरण नवरात्र तोंडावर आलं तरी थांबेना.

आणि नवरात्र म्हणजे गरबा. माहेर साताऱ्याचं, पण बडोद्यात आल्यावर बाईंनी सोसायटीच्या गोलात अशी जागा मिळवली होती की नव्या मुली त्यांच्या पावलांकडे बघून पाऊल टाकत. त्या गोलातून मध्येच चप्पल शोधत धावायचं? त्यापेक्षा न गेलेलं बरं. पण न जाणं त्यांना जमणार नव्हतं.

उपाय शोधला त्यांच्या नवऱ्याने, जयवंतरावांनी. कोयलीच्या रिफायनरीत पाइपलाइनी सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि जगातलं सगळं पाइपनेच चालतं असं त्यांचं मत होतं.

“सोपं आहे गं. वरचा व्हॉल्व्ह बंद केला की खाली काही येत नाही. सरावाच्या दिवशी खाऊ नकोस, पाणी पिऊ नकोस.”

“आणि नाचू कशाच्या जोरावर?”

“गुडघ्याची गोळी घेतेसच की रोज.”

बाई कोरड्या तोंडाने सरावाला गेल्या. दुसऱ्याच गाण्याला पोटात गुडगुडलं. त्या धावल्या, परत आल्या, पुन्हा धावल्या आणि मग मैदानातच डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसल्या.

शेजारच्या जागृतीबेन धावत आल्या. “सुहासिनीबेन, कशुं खाधुं छे के नहीं?”

“नाही. पाणीसुद्धा नाही. नवऱ्याने व्हॉल्व्ह बंद ठेवलाय.”

मग डॉक्टर मनालीकडे जाणं आलं. दुर्बीण घालून आतडं बघून झालं.

“लाइन स्वच्छ आहे म्हणे,” जयवंतराव खुशीत म्हणाले.

“नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसते, काका. अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सूज आहे, आणि बरीच जुनी.”

“पण मी तर काहीच पीत नव्हते,” बाई म्हणाल्या. “मग एवढं पाणी आलं कुठून?”

“तुमच्याच अंगातून, काकू. पाचक रस आतड्यात उतरतच असतात. त्यातलं मीठपाणी परत शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. सुजलेलं अस्तर ते शोषत नाही, उलट स्वतःच पाणी सोडतं. वरून बंद केलंत तर ते थांबणार नाही, तुम्ही मात्र सुकाल.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “ऐकलंत? पाइपच पाझरतोय.”

“आमच्याकडे असा पाइप बदलून टाकायचे.”

“बायको बदलायची सोय नव्हती ना तिथं? मग गप्प बसा.”

डॉक्टरने सूज उतरवायचं औषध लिहून दिलं. मग विचारलं, “दुसरं काही घेता?” गुडघ्याची गोळी ऐकून मान हलवली. “ती बंद. काहींना तिच्यामुळेही ही सूज येते.”

“त्या गोळीवरच माझा गरबा आहे.”

“आणि कदाचित हे जुलाबही.”

बाई गोळीविना घरी आल्या. मीठ-साखरेचं पाणी प्यायल्या, वेळच्या वेळी औषध घेतलं आणि नवरात्राआधी पोट ताळ्यावर आलं. गुडघे मात्र कुरकुरू लागले. पहिल्या माळेला त्या गोलात शिरल्या. अर्ध्या फेरीतच गुडघ्यांनी साफ नकार दिला.

बाईंनी कडेची खुर्ची उचलली आणि घरी जाण्याऐवजी थेट मधोमध, ढोलवाल्याशेजारी मांडली. गाता गळा नव्हता, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता.

“अवंती, उजवा पाय. उजवा म्हटलं. टाळी आधी, गिरकी मग.”

गाणं संपलं, दुसरं संपलं, बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. उठावंच लागलं नाही. जयवंतराव बिचकत पाण्याची बाटली घेऊन आले. सगळ्यांदेखत बाईंनी ती घटाघटा संपवली आणि रिकामी त्यांच्या हातात दिली.

“जा, भरून आणा.”